आकाशकंदील वाढवावा

बेलीफअण्णा दाराची बेल वाजवत नसत. बेल हे यंत्र आहे, ते चुकून वाजू शकतं, असं त्यांचं म्हणणं. ते बोटाच्या पेरानं दारावर तीन वेळा ठोकत आणि लगेच दोन पावलं मागं सरकून उभे राहत. आम्हाला आधी वाटायचं, काय सभ्य माणूस आहे. नंतर त्यांनीच सांगितलं की नोकरीत तीनदा कुत्रं, एकदा कोंबडा आणि एकदा हंडाभर पाणी अंगावर आलं, तेव्हापासून ती दोन पावलं अंगवळणी पडली.

त्यांचं नाव काशिनाथ भालेकर. तीस वर्षं तालुक्याच्या कोर्टात बेलीफ होते. समन्स बजावायचं, कुणी घेत नसेल तर दारावर डकवायचं, दोन पंचांसमोर पंचनामा करायचा, जप्तीला जायचं, हे काम. रिटायर झाल्यावर त्यांनी जुन्नरच्या जुन्या बाजारामागं नव्यानं उभ्या राहिलेल्या आमच्या इमारतीत तळमजल्याचा फ्लॅट घेतला. शुभंकर सहकारी गृहरचना संस्था, तीन मजले, नऊ बिऱ्हाडं. नव्वदीचं दशक संपत आलं होतं आणि गावात अशा इमारती बोटावर मोजण्याइतक्या होत्या. बाजारात पत्ता सांगितला की लोक विचारत, सोसायटी म्हणजे दुधाची का कर्जाची?

संस्थेचे अध्यक्ष रशीदभाई मणियार. बाजारपेठेत त्यांचं बांगड्यांचं दुकान होतं आणि पहिल्या मजल्यावर घर. मी दुसऱ्या मजल्यावर राहायचे आणि पोस्टात कामाला होते, म्हणून मला खजिनदार केलं. आणि चिटणीस बेलीफअण्णा. ते मला 'पोस्टबाई' म्हणत आणि आमच्या खात्याला किंचित कमी लेखत. पोस्ट म्हणजे अंदाज, बेलीफ म्हणजे खात्री, असं एकदा त्यांनी मला जिन्यात ऐकवलं होतं. मी ते मनावर घेतलं नाही, कारण रजिस्टर पत्रांच्या बाबतीत ते अगदीच खोटं नव्हतं.

अण्णांच्या तोंडून अशुभ शब्द म्हणून कधी निघायचा नाही. आयुष्यभर लोकांच्या दारात वाईटच घेऊन गेलो, निदान बोलणं तरी चांगलं असावं, असं ते म्हणत. समन्स घेऊन गेले की सांगायचे, 'साहेबांनी तुमची आठवण काढलीय.' जप्तीचा कागद असला तर, 'थोडं सामान बघायचं होतं.' एकदा डिंभ्याकडं नोटीस द्यायला गेले आणि परतीची एसटी काही येईना. ज्याला नोटीस दिली त्याच्याच ओट्यावर तीन तास बसावं लागलं. त्यानं आधी शिव्या घातल्या, मग पाणी दिलं, मग न राहवून धरणातले मासे तळून जेवायला वाढलं. निघताना अण्णा सवयीनं 'येतो' म्हणाले. तो माणूस हात जोडून म्हणाला, "जेवाया कवाबी या राव, पर येतो म्हनू नका."

घरातही तोच कायदा. अण्णांच्या घरी काही संपायचं नाही, फुटायचं नाही आणि बंद व्हायचं नाही. सगळं वाढायचं. मीठ वाढलं, रॉकेल वाढलं, बांगडी वाढली, नारळ वाढवला, दुकानदारांनी दुकानं वाढवली. आपल्याकडं जुन्या बायका असंच बोलतात, त्यात नवं काही नाही. पण अण्णांनी त्याची अंमलबजावणी केली. त्यांच्या बायकोची, म्हणजे काकूंची, एकच तक्रार होती. एवढं सगळं रोज वाढतंय, मग डब्यात काही सापडत का नाही?

चिटणीस झाल्यावर अण्णांना हुरूप आला. रिटायर झाल्यापासून हा माणूस रोज सकाळी अकराला कोर्टाच्या पायरीपर्यंत जाऊन परत येत होता. आता घरातच कोर्ट मिळालं. त्यांनी सणासुदीच्या सजावटीची नियमावली लिहायला घेतली. गुढीपाडव्याचं तोरण सुकलं की तीन दिवसांत हलवायचं, गणपतीची मखरं जिन्यात ठेवायची नाहीत, रांगोळीचा रंग सामाईक फरशीवर उतरला तर घासून द्यायचा. मोडणाऱ्याला दंड रुपये अकरा. दहा का नाही, असं विचारलं तर म्हणाले, दहा हा आकडा उघडा वाटतो.

पहिला दंड त्यांनी स्वतःच्या घराला केला. पाडवा होऊन आठवडा झाला तरी त्यांच्या दारावरचं आंब्याचं तोरण कुरकुरीत होऊन लटकत होतं. अण्णांनी नोटीस लिहिली, बाहेर आले, दार ओढून घेतलं, तीन वेळा ठोकलं आणि दोन पावलं मागं सरकले. काकूंनी दार उघडून विचारलं, किल्ली विसरलात का? अण्णांनी नोटीस वाचून दाखवली. काकूंनी ती शेवटपर्यंत ऐकली, मी घेत नाही म्हणून सांगितलं आणि दार लावून घेतलं. मग अण्णांनी मला आणि रशीदभाईंना पंच म्हणून बोलावलं, आमच्यादेखत स्वतःच्याच दारावर नोटीस डकवली आणि पंचनाम्यावर आमच्या सह्या घेतल्या. आम्ही निघालो तरी ते बाहेरच उभे होते, कारण नंतर काकू दार उघडीनात.

आकाशकंदिलाचा नियम हा सातवा. त्याला कारण घडलं होतं. आदल्या वर्षी मधल्या मजल्यावरच्या एका बिऱ्हाडाचा कंदील होळीपर्यंत तसाच राहिला, त्याचा रंग उडाला आणि चिमणीनं त्यात घरटं केलं. अण्णांना चिमणीचं काही नव्हतं, पण ती संस्थेची सभासद नव्हती. तर दिवाळी कधी संपते, इथपासून वाद. भाऊबीज म्हणावं तर तुळशीचं लग्न राहतं. शेवटी त्रिपुरी पौर्णिमेनंतर तीन दिवस असं ठरलं. मग पुढचा शब्द अडला.

मी म्हटलं, कंदील काढावा असं लिहा. अण्णा म्हणाले, काढतात ती पीडा. रशीदभाई म्हणाले, उतरवावा. उतरवतात ती दृष्ट. बंद करावा? बंद पडते ती गिरणी. विझवावा हा शब्द तर त्यांनी आम्हाला पूर्ण उच्चारूसुद्धा दिला नाही. दिवाळीचा दिवा आहे, शब्द जपून वापरा, असं बजावून त्यांनी टाक उचलला आणि लिहिलं, 'त्रिपुरी पौर्णिमेनंतर तीन दिवसांचे आत प्रत्येक सभासदाने आपला आकाशकंदील वाढवावा. न वाढविल्यास दंड रुपये अकरा.' आम्हा दोघांना त्यात काही वावगं दिसलं नाही. सह्या करून आम्ही चहा प्यायलो.

त्या वर्षी पावसाळ्याच्या तोंडाशी माझ्या समोरच्या फ्लॅटमध्ये पोपटराव गुंजाळ राहायला आले. बेल्ह्याच्या बाजूचे, शेती भावाकडं सोपवून स्वतः दोन टेम्पो चालवणारे. टोमॅटो, कांदा, आणि बेल्ह्याच्या बाजाराला बैलसुद्धा. मुलींच्या शाळेसाठी जुन्नरला बिऱ्हाड केलं होतं. माणूस मोठ्या आवाजाचा, खालून वर हाक मारायचा तर कोपऱ्यावरचा पानवालाही ओ द्यायचा. पहाटे टेम्पो काढून जायचा तो दिवे लागायला परत. मुली शाळेत. घरात दिवसभर त्याची बायको शालन. तिला मी दार उघडताना आणि लावताना पाहायचे, एवढीच आमची ओळख.

दिवाळीला त्यांनी साधा कागदी कंदील लावला. त्रिपुरी पौर्णिमा झाली, तीन दिवस गेले, बाकी सगळ्यांचे कंदील माळ्यावर गेले. गुंजाळांचा तसाच. चौथ्या दिवशी दुपारी अण्णा नोटीस घेऊन दुसऱ्या मजल्यावर चढले. 'आपला आकाशकंदील अद्यापि वाढविलेला आढळून येत नाही.' त्या दिवशी मी रजेवर होते. दारावर ठोकल्याचं ऐकलं आणि अण्णा बाहेर आल्याचं ऐकलं, मध्ये चांगला अर्धा तास गेला.

दोन दिवसांनी पोपटरावांच्या गॅलरीत नवा कंदील लागला. चांदणीचा, पाच टोकांचा, पहिल्याच्या दुप्पट.

अण्णा खाली अंगणात उभे राहून बराच वेळ वर बघत होते. मग आत गेले आणि दुसरी नोटीस लिहिली. मजकूर तोच, फक्त 'अद्यापि'च्या जागी 'अद्यापिही'. पुन्हा दुपारी वर, पुन्हा बऱ्याच वेळानं खाली. आणि चार दिवसांनी पोपटरावांनी टेम्पोतून टोमॅटोचे बांबू आणले, मांडवाची तार आणली, एक कारागीर आणला आणि गॅलरीत दिवसभर ठोकाठोक झाली. संध्याकाळी जो कंदील लोंबला त्याला कंदील म्हणायला माझी जीभ अडखळते. दुसऱ्या मजल्यावरून निघून त्यानं रशीदभाईंची पहिल्या मजल्यावरची गॅलरी झाकून टाकली होती. झिरमिळ्या थेट तळमजल्यावर अण्णांच्या खिडकीपर्यंत. रशीदभाईंच्या स्वयंपाकघरात दिवसभर गुलाबी उजेड पडायचा, आणि दूध नासलंय का चांगलं आहे ते वास घेऊनच ठरवावं लागायचं. काकूंनी दुसऱ्याच दिवशी एका झिरमिळीला हात पुसायचा नॅपकिन अडकवला.

तिसरी नोटीस गेली तिच्यात दंडाचा आकडा होता. तीन नोटिसांचे तेहतीस. आता मात्र पोपटरावांनी उत्तर दिलं. लेखी, मुलीच्या वहीच्या पानावर, तिच्याच अक्षरात. 'नियम सातप्रमाणे कंदील वाढवा असे कळविल्यावरून आम्ही तो दोन वेळा वाढविला आहे. आता वाढविण्यास गॅलरीत जागा शिल्लक नाही. संस्थेने जागा दिल्यास अजून वाढवू. सबब दंड मान्य नाही. नोटीस मागे घ्यावी, नाहीतर निबंधकांकडे जावे लागेल.'

हा अर्ज अण्णांनी माझ्यासमोर तीन वेळा वाचला. त्यांचा चेहरा बघून मला हसू आवरेना, पण त्यांना ते हसण्यावारी न्यायचं नव्हतं. तीस वर्षांत बजावलेली एकही नोटीस परत आली नाही, ते म्हणाले. सभा बोलवा. माझी नोटीस चुकीची ठरली तर त्याच क्षणी चिटणीसपद सोडतो, तसं इतिवृत्तात आधीच लिहून ठेवा. मी समजावायला गेले तर त्यांनी माझ्याच हातून ते लिहून घेतलं.

काकूंनी मला घरी बोलावलं. हातातली भाजी निवडत म्हणाल्या, हे पद गेलं तर ते पुन्हा रोज अकराला कोर्टाची पायरी मोजून येतील. तिथले नवे लोक त्यांना ओळखतही नाहीत आता, परवा कुणीतरी विचारलं, आजोबा, तुमची तारीख आहे का? घरी येऊन जेवले नाहीत. "काहीपण कर पोरी," काकू म्हणाल्या, "पण ह्यांचा हा खेळ मोडू देऊ नको." मोडू हा शब्द त्यांनी वापरला, तेव्हा मला प्रकरणाचं गांभीर्य कळलं.

सभा रविवारी सकाळी गच्चीवर भरली. सतरंज्या घातल्या होत्या. नऊ बिऱ्हाडांतून एकवीस माणसं आली, इतकी गणपतीच्या आरतीलाही येत नसत. पोपटराव कडक इस्त्रीच्या पांढऱ्या कपड्यांत. शालन आली नव्हती. रशीदभाईंनी विषय मांडला आणि पोपटराव उठले.

"मी अडानी मानूस," ते म्हणाले. "कागदावर वाढवा लिवलं, मी वाढवला. आण्णा, तुमीच सांगा समद्यांम्होरं. वाढवनं म्हंजी काय?"

अण्णा उभे राहिले. तोंड उघडलं. वाढवणे म्हणजे, असं म्हणाले आणि थांबले, कारण पुढं जो कुठला शब्द आला असता तो त्यांनी आयुष्यात दिव्याबद्दल उच्चारला नव्हता. त्यांनी दोनदा सुरुवात केली.  

रशीदभाईंना दया आली. त्यांनी स्वतःहून साक्ष द्यायचं ठरवलं आणि घोटाळा झाला. म्हणाले, माझ्या दुकानात हा शब्द दिवसाला दहादा येतो, बांगडी भरताना हातात पिचकली की बायका म्हणतात वाढली, तर वाढणं म्हणजे फुटणं. त्यावर कोणीतरी म्हणालं, म्हणजे गुंजाळांनी कंदील फोडायला हवा होता? दुसऱ्यानं नारळाचा दाखला दिला, नारळ तर दगडावर आपटून वाढवतात. काकू मागून म्हणाल्या, आमच्याकडं मीठ वाढतं म्हणजे डबा रिकामा असतो. वाण्याचं दुकान वाढवलं म्हणजे फळ्या लागल्या. मंगळसूत्र वाढलं म्हणजे तुटलं. एका म्हाताऱ्या सभासदांना जेवणाच्या पंगतीतलं वाढणं आठवलं आणि त्यांनी ते अगदी भाताच्या मुदीपासून सांगितलं. मी इतिवृत्तात सहा अर्थ लिहिले आणि त्यांतला एकही आकाशकंदिलाला लागू होत नव्हता.

"मंग माजा सातवा," पोपटराव म्हणाले. "वाढवनं म्हंजी मोठा करनं. ह्यो तर पोरीच्या पुस्तकातबी हाये."

सगळे हसले. अण्णा हसले नाहीत. ते म्हणाले, निर्णयाआधी जागेची पाहणी होईल, पंचनामा केल्याशिवाय मी काही कबूल करणार नाही. हा सरळसरळ वेळ काढण्याचा प्रकार होता हे सगळ्यांना कळलं, पण कुणी हरकत घेतली नाही. रशीदभाई म्हणाले, माझ्या घरातून मी रोजच पाहणी करतोय. मग एकटी मी पंच म्हणून अण्णांच्या मागून जिना उतरले.

अण्णांनी ठोकलं, दोन पावलं मागं सरकले. दार इतक्या लगेच उघडलं की ती दाराशीच उभी असावी. शालननं आम्हाला आत घेतलं, गॅलरी दाखवली. बांबूच्या सांगाड्यातून पलीकडं शिवनेरीचा तुकडा दिसत होता. अण्णांनी वही काढली, कंदिलाची लांबी हातानं मोजायला लागले. मी मागं वळले तर टीव्हीच्या कपाटात काचेआड तिन्ही नोटिसा ओळीनं लावलेल्या. लग्नाच्या फोटोशेजारी.

शालनच्याही ते लक्षात आलं. ती पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली आणि मग म्हणाली, "आण्णा, एक सांगू का. वाढवनं म्हंजी काय, त्ये मला ठावं व्हतं. माज्या आयनं जल्मात बांगडी फुटली म्हनलं न्हाई."

अण्णांचा हात कंदिलावरच राहिला.

"पयली नोटीस घिऊन तुमी आला, तवा बसला. पानी पिला. कंचं गाव, किती भावंडं, आय हाये का, समदं इचारलं. हितं येऊन आमाला पाच म्हयनं झालं व्हतं, आमचं दार कुनी वाजवलं नव्हतं. मी ह्यांना म्हनलं, कंदील मोठा करा, म्हंजी आण्णा परत येतील. ह्ये म्हनले, येडी का काय. पर केला."

तिनं पदराचं टोक सोडलं. "तिसरा कंदील लईच मोटा केला त्यांनी. दंड लागल ह्ये मला ठावं नव्हतं. सभंत त्ये काय बोलत्याल, त्येबी ठावं नव्हतं."

मी समोरच्या दारात राहत होते. पाच महिने. मधलं अंतर चार पावलांचं. मला इतकी लाज वाटली की मी उगाचच नोटिसांकडं बघत राहिले, जणू मला त्यांचा मजकूर पाठ करायचा होता.

अण्णांच्या बाजूनं पाहिलं तर हे सोनं होतं. गुंजाळांना अर्थ माहीत होता, जाणूनबुजून नियम मोडला, नोटीस अक्षर न् अक्षर खरी. वर जाऊन एवढं एक वाक्य सांगितलं असतं की पद राहिलं असतं, तीस वर्षांचा विक्रमही राहिला असता. फक्त त्यासाठी एकवीस माणसांसमोर सांगावं लागलं असतं की या घरी कुणी येत नव्हतं. आणि पोपटराव सगळ्यांदेखत खोटे ठरले असते, तेही बायकोच्या हट्टापायी.

अण्णांनी वहीत लिहिलं. मी पंच म्हणून सही करताना वाचलं. 'आकाशकंदील समक्ष पाहिला. मजबूत आहे.' बस. शालननं चहाचं विचारलं तर म्हणाले, सभा खोळंबलीय. जिन्यात मात्र ते थांबले आणि मागं न वळता म्हणाले, "पोस्टबाई, आत जे ऐकलं ते कुठं वाढवायचं नाही." मला कळायला दोन पायऱ्या गेल्या. फोडायचं नाही, असं त्यांना म्हणायचं होतं. तो या शब्दाचा आठवा अर्थ, आणि तो मी इतिवृत्तात घेतला नाही.

गच्चीवर अण्णा सरळ मधोमध जाऊन उभे राहिले. त्यांचा आवाज कोर्टात पुकारा करताना निघतो तसा निघाला.

"नियम सातमधला शब्द मोघम आहे. गुंजाळांनी घेतलेला अर्थ घेता येतो. तिन्ही नोटिसा मी मागं घेतो."

पोपटरावांचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. जिंकायची त्यांची तयारीच नव्हती. त्यांनी अण्णांकडं पाहिलं, मग माझ्याकडं, आणि खाली काय झालं असेल ते त्यांना उमगलं असावं. ते चाचरत उठले. "आण्णा, तसं न्हाई, मी काय म्हनतो..."

"गुंजाळ," अण्णा म्हणाले, "निकाल झाल्यावर बोलायचं नसतं."

मग खिशातून संस्थेचा शिक्का काढला, शाईचा पॅड काढला, दोन्ही रशीदभाईंच्या पुढ्यात सतरंजीवर ठेवलं. रशीदभाई नको नको म्हणत होते. मी इतिवृत्तात लिहिलेलं त्यांनीच माझ्याकडून वाचून घेतलं, ठरल्याप्रमाणे पद सोडलं, आणि वहाणा घालून खाली गेले. काकू सतरंजीवर तशाच बसून राहिल्या. मला त्यांच्याकडं बघवेना. त्यांनी मला एकच काम सांगितलं होतं आणि ते माझ्याच डोळ्यांदेखत गेलं होतं.

दुपारी तीन वाजता पोपटरावांनी कंदील स्वतः सोडवला. कुणी सांगितलं नव्हतं. सांगाडा जिन्यातून जाईना म्हणून दोरानं खाली सोडावा लागला आणि सगळी इमारत मदतीला आली. रशीदभाई आपल्या गॅलरीतून सूचना देत होते. काकूंचा नॅपकिन त्याच्याबरोबर गेला तो पुढं कधी मिळाला नाही.

अण्णांचे पुढचे काही दिवस वाईट गेले. सोमवारी अकराला ते कपडे करून बाहेर पडले, कोपऱ्यापर्यंत गेले आणि परत आले. मंगळवारीही. बुधवारी अंगणात खुर्ची टाकून पेपर धरून बसले. काकू म्हणाल्या, एकच पान गेला तासभर चाललंय. नवा चिटणीस अजून ठरला नव्हता आणि कुणाला ते पद घ्यायचंही नव्हतं, पण अण्णांना परत बोलवायचं तर त्यांनी आधीच सांगून ठेवलं होतं, खाली ठेवलेला शिक्का बेलीफ पुन्हा उचलत नाही.

मी त्यानंतर वर्षभरानं बदली होऊन घोडेगावला गेले, फ्लॅट विकला. अण्णांना नंतरही दोनचारदा भेटले असेन, लग्नाकार्यात, एसटी स्टँडवर. पण आठवतात ते त्या आठवड्यातल्या शुक्रवारचे.

मी पोस्टातून जेवायला घरी आले होते. जिन्याच्या शेवटच्या वळणावर होते तेव्हा वर अण्णा दिसले, गुंजाळांच्या दारासमोर. धुतलेला सदरा, डोक्यावर टोपी. त्यांनी हात वर केला, दार ठोकायला, आणि तसाच ठेवला. मग खिसा चाचपला. दुसरा खिसा चाचपला. काहीच नव्हतं. या माणसानं उभ्या आयुष्यात कुणाचं दार कागदाशिवाय वाजवलं नव्हतं, आणि नुसतंच वाजवायचं कसं ते त्याला ठाऊक नव्हतं. मी खाली थांबले, हसू की काय करू ते कळेना.

शेवटी त्यांनी ठोकलं. शालननं दार उघडलं, त्यांना पाहून तिचा चेहरा उजळला आणि लगेच पडला. आता कसली नोटीस, असं तिला वाटलं असणार, कारण ती घाबऱ्या घाबऱ्या म्हणाली, "आण्णा, सई कुटं करू?"

अण्णांनी डोक्यावरची टोपी काढली, हातात धरली.

"आज सहीचं काम नाही, सूनबाई," ते म्हणाले. "चहाचं आहे."